बोट वाकू लागले की काय करावे: ड्युप्युट्रेन विकाराचे उपचार आणि संशोधन

तळहातावर अनामिकेच्या किंवा करंगळीच्या मुळाशी एखादी कडक गाठ हाताला लागते, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी तिच्यापासून बोटाकडे जाणारी एक ताठ दोरी त्वचेखाली दिसू लागते आणि त्यानंतर ते बोट हळूहळू तळहाताकडे ओढले जाऊ लागते. हा ड्युप्युट्रेन विकार आहे. तो जिवावर बेतत नाही आणि बहुतेकांना फारसा दुखतही नाही, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. या विकारात दोन प्रकारे नुकसान होते: गाठ दिसताच घाईने शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याचे, आणि बोट तळहाताला टेकेपर्यंत थांबणाऱ्याचे. या दोहोंच्या मधली योग्य वेळ रुग्णाला स्वतः कशी ओळखता येईल, ती आल्यावर कोणता उपचार निवडावा आणि गोव्यात राहून ही वाट कशी चालावी, हे सांगण्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

हातात नेमके काय घडते

तळहाताच्या त्वचेखाली तंतुमय ऊतीचा एक पातळ पण चिवट थर असतो. तो त्वचेला जागेवर धरून ठेवतो आणि पकड घट्ट करण्यास मदत करतो. या विकारात त्या थरातील काही पेशी स्नायूंसारख्या आकुंचन पावणाऱ्या पेशींत रूपांतरित होतात, कोलॅजन हे चिवट तंतूंचे प्रथिन भरमसाट तयार करतात आणि आजूबाजूच्या तंतूंना ओढून आखूड करतात. मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या या पेशी ड्युप्युट्रेनच्या गाठींमध्ये असल्याचे गॅब्बियानी आणि माज्नो यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, आणि आजचे बहुतेक संशोधन याच पेशींभोवती फिरते. पॅरिसचे शल्यचिकित्सक गियोम ड्युप्युट्रेन यांनी १८३१ मध्ये या विकारावर शस्त्रक्रिया करून त्याचे विवेचन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. लंडनच्या हेन्री क्लाइन यांनी मात्र दोष या तंतुमय थरातच आहे हे १७७७ मध्येच ओळखले होते.

आपल्याकडे बोट वाकले की ‘शीर आखडली’ असे म्हणतात. या विकारात शीर, नस किंवा बोट हलवणारा स्नायुबंध यांपैकी काहीच आखडलेले नसते. म्हणूनच रुग्णाला मूठ पूर्ण वळता येते, बोटात ताकद असते, स्पर्श नीट कळतो. फक्त बोट सरळ होत नाही, दुसऱ्या हाताने उघडू पाहिले तरी होत नाही.

कारणांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा आहे. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासात तो सुमारे ८० टक्के आढळला. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत हा विकार सर्वाधिक दिसतो, भारतात त्यामानाने कमी. पण कमी म्हणजे नाहीच असे नव्हे. वय पन्नाशीपुढचे असणे, पुरुष असणे, धूम्रपान, दीर्घकाळचे अतिमद्यपान, अपस्माराची काही जुनी औषधे आणि कंप देणाऱ्या यंत्रांवर अनेक वर्षे केलेले काम यांचाही संबंध आढळला आहे. मधुमेहाचा संबंध गोव्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच नोंदले गेले. मधुमेहींमध्ये हा विकार बहुधा सौम्य राहतो, गाठी होतात पण बोटे फारशी वाकत नाहीत. अशी गाठ आढळली आणि गेल्या वर्षभरात रक्तातील साखर तपासलेली नसेल, तर ती तपासणी आधी करून घ्यावी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मद्याशी संबंध आहे हे कळल्यामुळे काही रुग्ण लाजेने हात लपवतात आणि घरचेही संशयाने पाहतात. या विकाराच्या असंख्य रुग्णांनी आयुष्यात मद्याला स्पर्शही केलेला नसतो. वाकलेले बोट हे कुणाच्या सवयीचे प्रमाणपत्र नव्हे आणि त्या भीतीने डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

आधी दुसरा आजार नाही ना, याची खात्री करावी

बोट वाकण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतल्या काहींमध्ये उशीर महागात पडतो. करंगळी आणि अनामिका पंजासारख्या वाकल्या असतील आणि त्याबरोबर बोटे बधिर वाटत असतील, चटका किंवा टोचणे कळत नसेल, अंगठ्याच्या व तर्जनीच्या मधला मांसल भाग बसत चालला असेल किंवा अंगावर कुठे संवेदनाहीन फिकट चट्टा असेल, तर तो ड्युप्युट्रेन समजून घरी बसू नये. कुष्ठरोगात अल्नर नावाची नस बिघडल्याने हात असाच दिसतो. त्या रोगाची बहुविध औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात आणि ती वेळेवर घेतल्यास पुढचे व्यंग टळते. कोपरापाशी ही नस दाबली गेली तरी लक्षणे मिळतीजुळती असतात.

बोट वाकून अडकत असेल आणि जोर दिल्यावर ‘टक’ करून सुटत असेल, तर ते ट्रिगर फिंगर असते व त्याचा उपचार बराच सोपा आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात सर्वच बोटांचे सांधे ताठरतात. अशा वेळी नमस्कारासाठी हात जोडले तर दोन्ही तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत, मध्ये फट राहते. ड्युप्युट्रेनमध्ये मात्र तळहातावर गाठ, खळगा किंवा दोरी हाताला स्पष्ट लागते. अनुभवी डॉक्टर केवळ पाहून आणि चाचपून निदान करतात. एक्स-रे किंवा एमआरआय सहसा लागत नाही.

घरी मोजमाप कसे ठेवावे

सपाट टेबलावर तळहात पालथा ठेवून तो पूर्ण टेकतो का ते पाहावे. ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सक ह्यूस्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही साधी चाचणी आहे. हात पूर्ण टेकत असेल तर सहसा शस्त्रक्रियेचा विचार करण्याची वेळ आलेली नसते. टेकत नसेल, तर तज्ज्ञाला दाखवण्याची वेळ आली आहे.

याच्या जोडीला दर तीन महिन्यांनी हाताचे दोन फोटो काढावेत, एक समोरून आणि एक करंगळीच्या बाजूने, हात दर वेळी त्याच स्थितीत ठेवून. बाजूने घेतलेल्या फोटोवर शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक ठेवला तरी अंदाज येतो. दोन सांध्यांचे कोन वेगवेगळे लिहावेत: बोट तळहाताला जोडते तो मुळाचा सांधा आणि बोटाचा मधला सांधा. हा भेद नीट समजून घ्यावा, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यावर ठरतो. मुळाचा सांधा बराच काळ वाकलेला राहिला तरी उपचारानंतर बहुधा चांगला सरळ होतो. मधला सांधा मात्र काही काळ वाकलेला राहिला की त्याचे स्वतःचे आवरण आणि बाजूचे बंध आखडतात, आणि मग दोरी कापली तरी तो पूर्ण उघडत नाही. मुळाचा सांधा सुमारे ३० अंश वाकला की उपचाराचा विचार करावा, हा रूढ संकेत आहे. मधल्या सांध्याच्या बाबतीत तो वाकू लागल्याचे निश्चित दिसताच दाखवावे, ३० अंशांची वाट पाहू नये.

आकड्यांबरोबर अडचणीही टिपाव्यात. तोंड धुताना बोट डोळ्यात जाते का, खिशात हात जातो का, पेटी वाजवताना सूर गाठता येतो का, विळीवर नारळ खोवताना करवंटी धरता येते का, होडीचा दोर सोडताना बोट अडकते का. दोघांचा कोन सारखाच असला तरी भजनाला पेटीची साथ करणारा आणि दुकानात बसणारा यांची गरज सारखी नसते, आणि शल्यचिकित्सकाला ही माहिती मिळाली तर निर्णय अधिक योग्य होतो.

वाट पाहण्याच्या काळात

नुसती गाठ असणाऱ्या अनेकांचे बोट कधीच वाकत नाही. त्यामुळे या टप्प्यावर काही न करता लक्ष ठेवणे हा खराखुरा वैद्यकीय निर्णय आहे, हलगर्जीपणा नव्हे. तेलाने चोळून, शेकून किंवा लेप लावून ही दोरी विरघळत नाही. हाडवैद्याकडून बोट जोराने ओढून घेणे तर कटाक्षाने टाळावे. त्याने दोरी लांबत नाही, सांधा मात्र दुखावतो. गाठ दुखत असेल तर तिच्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने काहींची गाठ मऊ व लहान होते, पण त्वचा पातळ होण्याचा धोका असतो आणि मधुमेहींची साखर काही दिवस वाढू शकते, म्हणून ते हात-शल्यचिकित्सेच्या जाणकाराकडूनच घ्यावे.

सुरुवातीच्या टप्प्यात किरणोपचारही दिले जातात, विशेषतः जर्मनीत. एकूण ३० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा दोन भागांत विभागून, पाच-पाच बैठकांत, मध्ये काही आठवड्यांची विश्रांती ठेवून देण्याची पद्धत रूढ आहे. त्वचा कोरडी होणे हा सामान्य दुष्परिणाम, आणि किरणांमुळे पुढे कर्करोग होण्याचा धोका लहान असला तरी शून्य नाही. विकार खरोखर पुढे सरकत असल्याचे फोटोंवरून दिसत नसेल तर मी कुणालाही या वाटेने जाण्यास सांगणार नाही, कारण जो विकार कदाचित तसाच थांबला असता त्यासाठी किरण घेणे मला पटत नाही.

बोट सरळ करण्याचे मार्ग

पहिला मार्ग सुईचा. जागा बधिर करून, त्वचा न उघडता, सुईच्या धारेने दोरी ठिकठिकाणी कापतात आणि मग बोट सरळ ओढतात. पॅरिसमधील संधिवाततज्ज्ञांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रुजवली. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो, हात काही दिवसांत कामाला लागतो आणि गरज पडल्यास प्रक्रिया पुन्हा करता येते. त्वचेला चीर जाणे आणि क्वचित बोटाच्या नसेला इजा होणे हे तिचे धोके. मुळाच्या सांध्यावरची, स्पष्ट हाताला लागणारी दोरी असेल तर हा मार्ग विशेष सोयीचा आहे. पण रोगट ऊती आतच राहत असल्याने विकार परत येण्याचे प्रमाण मोठे असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात पाच वर्षांनी सुईच्या उपचारानंतर सुमारे ८५ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर सुमारे २१ टक्के रुग्णांत वाक परत आलेला आढळला. तरीही वयस्कर, हृदयविकार असलेल्या किंवा कामावरून रजा न मिळणाऱ्या अनेक रुग्णांनी सुईच निवडली आणि त्यांच्या परिस्थितीत ते शहाणपणाचेच होते.

दुसरा मार्ग कोलॅजेनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) इंजेक्शनचा. ते दोरीतील कोलॅजन विरघळवते आणि नंतर डॉक्टर बोट ओढून दोरी तोडतात. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. २०२० मध्ये कंपनीने ते युरोपच्या बाजारातून व्यावसायिक कारणांसाठी काढून घेतले. गोव्यातील कित्येक कुटुंबांची माणसे पोर्तुगाल किंवा इंग्लंडमध्ये आहेत आणि ‘तिकडून इंजेक्शन आणून घेऊ’ असा विचार घरात निघतो. तो सोडून द्यावा. हे औषध नेमक्या जागी न पडल्यास स्नायुबंध तुटू शकतो, त्यामुळे त्याचा सराव नसलेल्या हाताने ते देणे धोक्याचे आहे.

तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा: तळहात व बोट नागमोडी छेदाने उघडून रोगट ऊती काढून टाकणे. बोटाच्या नसा आणि रक्तवाहिन्या दोरीभोवती पिळवटून जागा सोडून सरकलेल्या असू शकतात, म्हणून हे काम नाजूक आहे आणि नियमितपणे हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्याकडूनच करून घ्यावे. बहुतेक वेळा संपूर्ण भूल लागत नाही. फक्त हात बधिर केला जातो. विकार आक्रमक असेल किंवा परत आला असेल, तर त्यावरची त्वचाही काढून दुसरीकडची त्वचा लावतात, त्यामुळे त्या जागी विकार पुन्हा होण्याची शक्यता घटते. बधिरता, जखम रेंगाळणे, जंतुसंसर्ग, हात ताठर होणे हे धोके डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावेत.

फिनलंडमध्ये ३०२ रुग्णांवर या तिन्ही मार्गांची थेट तुलना झाली व निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी तिन्हींचे यश जवळजवळ सारखे होते. दोन वर्षांनी मात्र शस्त्रक्रियेचे यश ७८ टक्के, कोलॅजेनेजचे ६५ आणि सुईचे ५० टक्के उरले. या आकड्यांवरून शस्त्रक्रियाच करावी असे ठरत नाही. रुग्णाला किती टिकाऊ निकाल हवा आहे आणि त्यासाठी किती आठवडे द्यायची तयारी आहे, हा प्रश्न त्यांमुळे नेमका पुढे येतो. चाळिशीच्या आत सुरुवात, दोन्ही हातांत विकार, घरात इतरांना असणे, बोटांच्या सांध्यांवर पाठीमागून गाठी किंवा तळपायाला तशाच गाठी असणे, यांपैकी जितकी लक्षणे अधिक तितका विकार आक्रमक आणि परत येण्याची शक्यता मोठी. निवड करताना डॉक्टरांनी विचारले नाही तरी हे त्यांना सांगावे.

गोव्यात कुठे आणि कसे जावे

सुरुवात आपल्या आरोग्य केंद्रातून किंवा म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागातून करता येते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा विचार असेल तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग आणि प्लास्टिक सर्जरी असे दोन्ही विभाग आहेत. हाताची शस्त्रक्रिया दोन्ही शाखांचे तज्ज्ञ करतात. खासगी रुग्णालयात जायचे असल्यास आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असल्यास, सुचवलेली प्रक्रिया योजनेच्या यादीत बसते का आणि पूर्वमंजुरी लागते का, हे तारीख ठरवण्यापूर्वी रुग्णालयाच्या योजना-कक्षात विचारावे.

जाताना फोटो व कोनांच्या नोंदी, चालू औषधांची यादी आणि अलीकडचा एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) अहवाल न्यावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती सुरू असल्याचे मात्र ठळकपणे सांगावे. तज्ज्ञाला हे प्रश्न सरळ विचारावेत: माझा कोणता सांधा किती वाकला आहे, तो किती सरळ होण्याची अपेक्षा आहे, आपण या विकाराच्या किती रुग्णांवर उपचार करता, आणि वाक परत आला तर पुढचा पर्याय काय राहील. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सर्वांत उपयोगाचा आहे.

वेळेची आखणीही करावी. शस्त्रक्रियेनंतर टाके सहसा दोन आठवड्यांच्या सुमारास निघतात, पण जड कामाला हात लागण्यास सहा आठवडे किंवा अधिक काळ जातो. मासेमारी करणाऱ्याला १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ साहजिकच सोयीचा वाटतो, मात्र त्या दिवसांत हवा दमट असते, म्हणून पट्टी कोरडी ठेवण्याची व्यवस्था आधी करावी. भातशेती करणाऱ्याने पेरणी-लावणीचे दिवस टाळावेत. ओली जखम घेऊन चिखलात उतरणे संसर्गाला आमंत्रण आहे. बोटातली अंगठी शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधी काढून ठेवावी.

उपचारानंतर

पहिले काही दिवस हात हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याबरोबर बोटे हलवायला सुरुवात करावी. सूज राहिली की बोट ताठरते, आणि मग रुग्णाला सरळ बोट मिळते पण मूठ वळत नाही, जे मूळ विकाराहून अधिक त्रासाचे ठरते. म्हणून फिजिओथेरपिस्टकडे किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे ठरलेल्या वेळी जाणे हा उपचाराचाच भाग मानावा. बोट सरळ करण्याइतकाच वेळ ते पूर्ण वाकवण्याच्या व्यायामाला द्यावा. बोट सरळ धरून ठेवणारी, रात्री बांधायची कडक पट्टी (स्प्लिंट) पूर्वी सर्वांनाच देत असत. इंग्लंडमधील १५४ रुग्णांच्या अभ्यासात ती सरसकट दिल्याने फायदा दिसला नाही, त्यामुळे आता बोट पुन्हा वाकू लागत असेल तरच ती देणे योग्य मानले जाते. जखम भरल्यावर व्रणाला खोबरेल तेलाने हलके चोळण्यास हरकत नाही. त्याने त्वचा मऊ राहते.

हात लाल होऊन तीव्र दुखू लागला, पू आला, बोट पांढरे किंवा निळे पडले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

संशोधन कुठवर आले आहे

आजचे सर्व रूढ उपचार दोरी तोडतात किंवा काढतात. विकाराची मूळ प्रवृत्ती बदलत नाहीत. ती बदलण्याच्या दिशेने सर्वांत लक्षणीय प्रयत्न ऑक्सफर्ड विद्यापीठातील जगदीप नानचहल यांच्या गटाचा आहे. गाठीतील पेशींना चेतवणारा टीएनएफ हा शरीरातील दाहकारक घटक त्यांनी हेरला आणि तो रोखणारे, संधिवातासाठी आधीपासून वापरात असलेले ॲडॅलिम्युमॅब हे औषध थेट गाठीत टोचून पाहिले. १४० जणांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले: दर तीन महिन्यांनी एक अशी चार इंजेक्शने दिल्यावर गाठी अधिक मऊ आणि लहान झाल्या. बोट वाकणे टळते हे मात्र त्या चाचणीतून सिद्ध झालेले नाही, कारण त्यासाठी कितीतरी अधिक वर्षांचे निरीक्षण लागते. शिवाय टीएनएफ रोखणारी औषधे शरीरात सुप्त असलेला क्षयरोग जागा करू शकतात, आणि भारतात ही शंका नेहमीच खरी धरून चालावी लागते. बातमी वाचून हे इंजेक्शन मागायला जाण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

आनुवंशिकतेच्या अभ्यासातही मोलाची भर पडली आहे. २०११ मध्ये या विकाराशी निगडित नऊ जनुकीय स्थाने सापडली, त्यांतील बरीच पेशींच्या वाढीचे संदेश वाहणाऱ्या डब्ल्यूएनटी मार्गाशी संबंधित होती. २०२३ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने असेही दाखवले की जोखीम वाढवणाऱ्या काही जनुकीय खुणा निअँडरथल मानवाकडून आलेल्या आहेत. या अभ्यासांतील रुग्ण जवळजवळ सर्व युरोपीय वंशाचे आहेत. भारतीय रुग्णांची नीट नोंद झाल्याशिवाय आपल्याकडे विकार कुणात वेगाने वाढतो हे खात्रीने सांगता येणार नाही, आणि ही उणीव भरून काढण्यात गोव्यासारख्या लहान, मधुमेहाने ग्रासलेल्या राज्यातील रुग्णालये मोठा वाटा उचलू शकतील असे मला मनापासून वाटते.

कुणी एखाद्या चाचणीत सहभागी होण्यास सुचवले, तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का हे संकेतस्थळावर पाहावे. २००९ पासून भारतात ही नोंदणी सक्तीची आहे. नीतिमत्ता समितीची मान्यता आणि आपल्याला कळणाऱ्या भाषेतले संमतिपत्र मागून घ्यावे, ते घरी नेऊन वाचावे, आणि प्रायोगिक औषधासाठी कुणी पैसे मागितल्यास सहभागी होण्यास नकार द्यावा.